आठ एकसारखे छकडे

चुडावा, रविवार, ११ डिसेंबर १९८८

उमाजी,

आशीर्वाद घे, पण अर्धाच. उरलेला अर्धा घरी राखून ठेवलाय, येऊन घेऊन जा.

तुझं पत्र दिनकरराव मास्तरांनी वाचून दाखवलं. शाळा बंद असली की ते आपल्या ओसरीवर येतात. मी बोलते, ते लिहितात. मी 'हाय' म्हणते, ते 'आहे' लिहितात. लिहू दे. मद्रासला शुद्ध भाषा लागत असेल.

तीन पानं लिहिलीस. त्यात तू जेवतोस काय आणि निजतोस कुठं यावर दीड ओळ. बाकी सगळी मोटार. म्हणे तुमच्या शर्यतवाल्या सायबांनी ठरवलंय, यापुढं सगळ्यांच्या मोटारी एकसारख्या. इंजिन एकाच साच्यातलं, त्याला शिशाचं सील, सील तोडलं की बाद. आणि तू लिहितोस, "मोठीमाय, इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय ते मी सांगतो. आता मला चाकात हवा भरायला ठेवतील. असल्या शर्यतीत राहिलं काय?"

मला हसू आलं. रागावू नको, तुझ्यावर नाही, मास्तरांवर आलं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. कारण आपल्या शंकरपटासाठी त्यांनी नेमकं हेच काढलंय! यंदा कोणी आपला छकडा आणायचा नाही. गावानं आठ छकडे करून घ्यायचे, सगळे एका मापाचे. चिठ्ठी उचलायची, जो छकडा निघेल त्याला आपले बैल जुंपायचे आणि पळवायचं. तू चुडाव्याहून मद्रासला पळालास, तर तुझं दुखणं मद्रासहून चुडाव्याला आलं.

मास्तरांचं म्हणणं असं, की मागच्या साली पटाला नऊ जोड्या आल्या आणि आठ तक्रारी. पिंगळीकरांनी तर येणंच सोडलं. म्हणतात, रायभानच जिंकणार, मग आम्ही बैलं दमवत कशाला यावं? खरं आहे. तुला माहीतच आहे, मागच्या सालचा मानकरी नव्या मानकऱ्याच्या डोक्याला फेटा बांधतो. माझा लेक, म्हणजे तुझा बाप, गेली तीन सालं स्वतःच स्वतःला बांधून घ्यायलाय. घरून आरसा नेतो.

(आरशाचा उल्लेख टाळावा असे मी सुचवले होते. — दि. मास्तर)

आणि तो का जिंकतो यावरूनच तुमचं फाटलं. छकडा तू केलास. लाकूड तासून तासून सुपाएवढं हलकं केलंस, आणि मोडक्या पंपाची बेअरिंगं काढून चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलीस. चाक एकदा फिरवलं की मी चूल पेटवून यायची तरी फिरतच असायचं. पट जिंकला, त्यानं बैलांना हार घातले. तू चारचौघांत म्हणालास, "हार छकड्याला घाला. बैल तर मागच्या सालीबी हेच होते." बोलणं खरं होतं, जागा चुकीची होती. तो म्हणाला, "बैल जिंकतो. लाकूड न्हाई जिंकत." आणि हात उचलला, चोवीस वर्षांच्या पोरावर. तू त्याच संध्याकाळी ठेसनवर जाऊन गाडी धरलीस.

चार सालं होतील आता. तो तुझं नाव घेत नाही, तू त्याचं लिहीत नाहीस. पत्रात विचारतोस, "घरचे सगळे कसे आहेत?" आणि खाली, "छकडा कसा आहे?" छकडा बरा आहे. घरचे सगळेही बरे आहेत, मिशीला कलप लावायलेत.

माझी एकच इच्छा आहे. तुम्ही दोघांनी माझ्यादेखत भांडावं, पण तोंडानं. हे मुकं भांडण ऐकून माझे कान किटले.

तुझी मोठीमाय


चुडावा, रविवार, ८ जानेवारी १९८९

उमाजी,

तुझं उत्तर आलं. "ही कल्पना ज्या गाढवाच्या डोक्यातून निघाली त्याला शर्यत कळत नाही," हे वाक्य मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलं, चष्मा पुसला आणि पुढचं वाचायला घेतलं. एक शब्द गाळला नाही. माणूस सच्चा आहे. मी त्यांना दुसरा चहा दिला.

पण तुला सांगते, तुझ्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं कोण भांडलं असेल? तुझा बाप. मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि हा उठून उभा राहिला.

"माझा छकडा हाय. पटावर माझाच छकडा पळंल."

मास्तर म्हणाले, "रायभान, बैल जिंकतो असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतोच."

"मग छकडा कोणताही असू द्या की."

आपली शेजारीण चांगुणाबाई खांबाआडून म्हणाली, "थांबा मास्तर, दादा बैलाला इचारून येतेत." सगळं देऊळ हसलं. तो उठून गेला. दोन दिवस चांगुणाबाईच्या दारावरून जात नाही, मागच्या काट्याकुट्यातून जातो.

आता एक गोष्ट सांगते, ती मी सांगितली म्हणू नको. दुपारी सगळे आडवे झाले की हा कडब्याच्या गंजीमागं जातो. तिथं तुझा छकडा आहे. चाक काढतो, बेअरिंगं रॉकेलनं धुतो, ग्रीस भरतो, चाक परत बसवतो. मग चाक फिरवतो आणि त्याला कान लावतो. कान लावतो, उमाजी. तू लावायचास तसाच, डोळे मिटून. चार सालं हे चाललंय. मी झोपेचं सोंग घेते. या वयात तेवढं एक काम मला चांगलं जमतं.

तर तो बैठकीत कशासाठी भांडत होता ते तू ओळख. मी ओळखलंय, पण मास्तरांसमोर बोलत नाही.

तू लिहितोस, सगळ्यांना सारखंच दिलं तर कोणाचं डोकं कशाला चालेल? जो रातंदिवस खपून काही नवं काढतो त्यानं काय करायचं? बरोबर आहे. आश्रुबा सुतार पण हेच म्हणाला. पण ज्याच्याकडं काहीच नाही, त्याला सारखं मिळालं की काय होतं ते पण ऐक.

पंडितनं नाव लावलंय.

पंडितची जोडी तू पाहिलीस का? एक बैल तांबडा, लाल कंधारी, दुसरा काळा, कुठला ते देवालाच माहीत. एकाचं शिंग वर, एकाचं खाली. पण पळतात. ओढ्याच्या वाळूत त्यांना पळताना मी पाहिलंय. इतकी सालं तो पटात का नाही आला? छकडा कुठला आणील! साधी बैलगाडी होती, ती अठ्ठ्याहत्तरात गेली. नामांतरावरून पेटलं तेव्हा. कशी गेली, कोणी जाळली, ते गावाला ठाऊक आहे. आपण जाळली नाही. आपण दार लावून बसलो होतो. मी पण बसले होते, तुझा बाप पण. दोन पोरांना घेऊन पंडितची बायको लक्ष्मीबाई आपल्या दारावरून गेली, तिच्या जोडव्यांचा आवाज मी आतून ऐकला. मास्तर, हे लिहा. थांबू नका.

म्हणून तुझं सगळं पटूनही मी हात वर केला तो मास्तरांच्या बाजूनं. बायकांचे हात मोजत नाहीत, तरी केला.

बाकी मजा अशी झाली. मास्तरांनी पटाचे नियम मोठ्या कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला चिकटवले, गव्हाच्या पिठाची खळ लावून. आपल्या दोन शेळ्यांनी नियम एक ते सात खाल्ले. मास्तर मोजायला आले तोवर त्या रवंथ करायल्या होत्या. आठवा नियम, "निकालावर तक्रार चालणार नाही," तेवढा राहिला.

छकडे आश्रुबाच करायलाय. इतकं काम एकट्याच्यानं होत नाही म्हणून त्याचा पिंगळीचा जावई मदतीला आलाय. चार सासरा करणार, चार जावई. मास्तर मापासाठी शाळेतली पट्टी घेऊन गेले, तर आश्रुबा फुगून बसला. "तीस साल झाले मला. चाक चार वीत, म्हंजे चार वीत. पोरांची पट्टी पोरांना द्या." मास्तर पट्टी घेऊन परत आले.

पत्र पाठव. जेवणावर यावेळी पूर्ण एक ओळ लिही.

तुझी मोठीमाय


चुडावा, रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

उमाजी,

तुझं छोटं पत्र मिळालं. साहेबाला मार्चनंतर पाचातला एकच मिस्त्री पुरतो, आणि तो एक तू नाहीस. "आता मी कुठं जाऊ?" असं तू लिहिलंस. हे वाक्य मास्तरांना दोनदा वाचायला लावलं. यावर शेवटी बोलते. आधी पट ऐक.

एक्केचाळीस जोड्या आल्या! पिंगळीकर आले. वालूरचे लोक ट्रकात बैल घालून आले. ज्यांनी जन्मात पट पळवला नाही ते वखराचे बैल सोडून तसेच आले. एकाची जोडी अर्ध्या वाटेत वळली आणि छकड्यासकट, मालकासकट हरभऱ्यात शिरली. तो बिचारा आत उभा राहून बैलांच्या पाया पडायलाय आणि मास्तर घड्याळ हातात धरून ओरडायलेत, "वेळ चालू आहे, वेळ चालू आहे!" बैलांनी पोटभर हरभरा खाल्ला आणि चालत चालत रेघ ओलांडली. टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच मिळाल्या.

पण दुपार होता होता मला दुसरंच दिसायला लागलं. लोक बैलांना विचारीनात. चिठ्ठीच्या डब्याला हळदकुंकू लावायलेत. "देवा, पाच ते आठातला येऊ दे." एक ते चार निघाला की माणूस तिथंच तोंड पाडायचा. मी मास्तरांना म्हणाले, "तुमचे छकडे सारखे हायत ना?" ते म्हणाले, "अगदी सारखे, भिवराबाई." मला काय कळतं?

पंडितला दोन नंबर निघाला. तांबडा आणि काळा असे सुटले की धूळ मागं राहिली आणि ते पुढं. मास्तर म्हणाले, दहा सेकंद. तोवर कोणाचीच जोडी दहात आली नव्हती. लक्ष्मीबाई माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड असा धरला की अजून निळा आहे.

सगळ्यात शेवटी तुझा बाप. त्याला सहा नंबर निघाला. साडेनऊ.

म्हणजे पापणी लवायला लागते तेवढा फरक. ढोल वाजायला लागले. कोणीतरी फेटा आणला, कोणीतरी आरसा पण आणला. (मी नाही.) फेट्याचं एक टोक दातात धरून त्यानं पहिला वेढा घेतला, आणि थांबला. थांबला तो तसाच, टोक दातात. मग फेटा काढून खांद्यावर टाकला आणि छकड्यांकडं चालत गेला. लोकांना वाटलं बैलांना हार घालायचेत. ते त्याला करता येतंच.

त्यानं दोन नंबर ओढून सहा नंबराच्या शेजारी लावला, चाकाला चाक. आपली मेंढरांमागची काठी दोन्ही चाकांवर आडवी ठेवली. काठी कलली, उमाजी. मला इथून दिसली कललेली.

"आश्रुबा, हे चाक कुणाचं?"

"ते माझं. अन् ह्ये जावयाचं."

"माप?"

"चार वीत. दोनीबी चार वीत. पट्टी लावू का आता?"

"वीत कुणाच्या हाताची?"

आश्रुबानं आपल्या पंजाकडं पाहिलं. मग जावयाच्या पंजाकडं पाहिलं. जावई म्हणजे दारात वाकून शिरणारा गडी. तुझ्या बापानं दोघांचे हात धरून तळव्याला तळवा लावला, सगळ्या पटासमोर. जावयाचं बोट एक पेर वर! सासऱ्याच्या एक ते चार नंबरच्या चाकजोड्या बुटक्या, जावयाच्या पाच ते आठच्या उंच. उंच चाक हलकं पळतं, हे तू मला सांगितलं होतंस, मी तेव्हा ऐकत नव्हते असं तुला वाटलं.

आश्रुबा तिथंच मातीत बसला. जावई म्हणाला, "मामा, तुमीच म्हणले व्हते चार वीत." आता ही रडायची वेळ का हसायची, कोणाला कळेना.

मास्तर पुढं आले. आठवा नियम त्यांच्या हातात होता. "रायभान, निकाल लागलाय. तक्रार चालत नाही. आणि तक्रार तुम्ही कशाला करता? तुम्ही जिंकलात."

तुझा बाप म्हणाला, "मी न्हाई जिंकलो. माझे बैलबी न्हाई जिंकले. कासरा हातात हलका लागला तवाच मला कळालं." मग घसा खाकरला. "छकडा जिंकला. लाकूड जिंकतंय, मास्तर. चार साल झाले मला ठावं हाय."

चांगुणाबाई माझ्या कानात म्हणाली, "भिवराबाई, ह्ये तर तुमच्या उमाजीचं बोलणं." मी म्हणाले, "गप बस, ऐकू दे."

मग त्यानंच सांगितलं, छकडे बदला. पंडितला सहा द्या, मला दोन द्या, पुन्हा पळवू. वालूरकर म्हणाले, असं कुठं असतंय? हा म्हणाला, "चुडाव्यात असतंय." आणि तसं झालं. पंडित नऊ आणि वर थोडं. तुझा बाप दहाच्याही पुढं. त्याच्या बैलांनी जीव तोडला, खोटं कशाला बोलू. पण बुटक्या चाकावर ते मागं राहिले, आणि एकाच छकड्यावर मोजलं तरी पंडितचेच बैल सरस आहेत. हे मी आधी ओढ्यावर पाहिलं होतं, पण मला विचारतं कोण!

मग फेटा. मागच्या सालचा मानकरी म्हणून बांधायचा तुझ्याच बापानं. पंडित समोर बसला. सगळं गाव उभं. ज्यांनी अठ्ठ्याहत्तरात ते सगळं केलं ते पण त्या गर्दीत होतेच, कुठं जाणार? तुझ्या बापानं बांधायला घेतला. पदर चुकला, पुन्हा बांधला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा एवढा करकचून बांधला की पंडित म्हणाला, "रायभानदादा, लय आवळू नगा. डोकं मला उद्याबी लागतंय."

आधी लक्ष्मीबाई हसली. मग मी. मग सगळाच पट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. एक गट म्हणतो, सारखे छकडे बंद करा, पहिलंच बरं होतं. दुसरा म्हणतो, एक्केचाळीस जोड्या कधी आल्या होत्या का? दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मग पंडित उठला, फेटा अजून डोक्यावरच. म्हणाला, "दोन दिस करा. एक दिस बैलांचा, छकडे सारखे. एक दिस मिस्त्र्यांचा, ज्याच्या डोक्यात जे येईल ते त्यानं करून आणावं." इतकी साधी गोष्ट मास्तरांना सुचली नाही, मला सुचली नाही, तुमच्या मद्रासच्या सायबांना तर नाहीच.

(मान्य. — दि. मास्तर)

पण खरेखुरे सारखे आठ छकडे करायचे कोणी? आश्रुबा कान धरून म्हणाला, "माज्यानं न्हाई होणार. येगळा एक करायला अक्कल लागती, पर सारखे आठ करायला त्याच्या दुप्पट लागती. त्याला लोखंडी मापं पायजेत, अन् केसाएवढा फरक बोटाला कळला पायजे. तसला एकच गडी व्हता, तो मद्रासला हाय." सगळ्यांनी तुझ्या बापाकडं पाहिलं.

"माज्याकडं काय बगता? पत्ता मास्तरांकडं हाय."

तर उमाजी, तू विचारलंस ना, सगळं सारखं झाल्यावर तुझ्या हाताचं काय? मी अडाणी बाई. पण मी एवढं पाहिलं, की सारखं करा म्हणणं सोपं आहे, सारखं करून दाखवणारा गावात एकही निघाला नाही. तिकडच्या सायबाला ते कळत नसेल तर त्याचं नशीब. इथं एक काम तुझ्यासाठी पडून आहे. त्यावर पोट भरेल असं मी म्हणत नाही. आठ छकडे किती दिवस पुरतील? पण पंप सगळ्यांचे बिघडतात, आणि परभणीपर्यंत त्यांचं दुखणं ऐकणारा कोणी नाही.

परवा तुझा बाप माझ्यापाशी येऊन बसला. उगाच.

"माय, मद्रासला जाताना गाडी कुठं बदलावी लागती?"

"कुणाला जायचंय?"

"कुणाला न्हाई. इचारलं."

"मग मी पण कुणाला न्हाई सांगत," मी म्हणाले. शेवटी मास्तरांनी कागदावर लिहून दिलं.

या पाकिटावर तिकीट नाही, ते तू पाहिलंच असशील. हे पत्र पोस्टमननं दिलेलं नाही. ज्यानं दिलं तो तुझ्या दाराच्या चौकटीपाशी भिंतीकडं बघत उभा असेल. त्यानं एक शब्द न बोलता पाकीट पुढं केलं असेल आणि तू एक शब्द न बोलता घेतलं असशील. मला तिथं यायची गरज नाही, तुम्ही दोघं माझ्याच घरातून गेलात.

यायचं असेल तर त्याला तसं सांग. यायचं नसेल तर तेही त्यालाच सांग, तोंडानं. मास्तरांना मी या कामासाठी पुन्हा बसवणार नाही, त्यांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात.

आता मान वर कर. आणि आधी त्याला बसायला सांग. रिझर्वेशन म्हणजे काय ते त्याला माहीत नाही, चुडाव्यापासून उभाच आलाय तो.